डे-केअरच्या जेवणाचा सरकारी परतावा: चौकशीपासून पहिल्या पैशापर्यंतचे अकरा महिने

जानेवारी २०२४ मध्ये मी दुपारच्या खाऊतून फळं कमी केली. आठवड्यातले पाच दिवस फळ असायचं, ते दोन दिवसांवर आणलं आणि उरलेले तीन दिवस नुसते क्रॅकर्स आणि दूध. मध्य न्यू जर्सीत माझं छोटं डे-केअर आहे. तेव्हा एक ते पाच वर्षांची ३८ मुलं यायची. फी वाढवली तर चार-पाच घरांना परवडणार नाही हे मला माहीत होतं, आणि किराण्याचं बिल दर महिन्याला वाढतच होतं. त्याच सुमारास दुसऱ्या गावात डे-केअर चालवणारी एक मैत्रीण सहज म्हणाली, "अगं, तू सीएसीएफपीमध्ये नाहीस?"

चाइल्ड अँड अडल्ट केअर फूड प्रोग्रॅम हे त्याचं पूर्ण नाव. पैसा अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या कृषी खात्याचा, कारभार राज्याचा. न्यू जर्सीत तो राज्याच्या कृषी खात्याकडे आहे. मुलांना ठरलेल्या प्रमाणात जेवण द्यायचं, रोजची नोंद ठेवायची आणि महिना संपला की दावा लावायचा. जेवलेल्या प्रत्येक ताटामागे ठरलेली रक्कम मिळते. घरच्या उत्पन्नाप्रमाणे मुलांचे तीन गट पडतात, मोफत, सवलतीचा आणि बाकी सगळ्यांचा 'पेड', आणि रक्कम गटाप्रमाणे बदलते. दर मुलामागे दिवसाला जास्तीत जास्त दोन जेवणं आणि एक खाऊ, किंवा दोन खाऊ आणि एक जेवण. नऊ वर्षं डे-केअर चालवूनही मी याची कधी नीट चौकशी केली नव्हती. हे शाळांसाठी किंवा धर्मादाय संस्थांसाठी असतं, आपण तर नफ्याच्या धंद्यात, असा माझा समज होता.

२२ जानेवारीला फोन केला. नफ्यावर चालणारं केंद्रही घेतात, पण त्याला एक अट आहे: नोंदलेल्या मुलांपैकी किंवा परवान्यातल्या क्षमतेपैकी, जो आकडा लहान असेल त्याच्या २५ टक्के मुलं कमी उत्पन्नाच्या घरांतली हवीत. माझी क्षमता ४८, पटावर ३८. म्हणजे ३८ चे २५ टक्के, साडेनऊ. अर्धं मूल नसतं, म्हणून दहा. हा दहाचा आकडा पुढे आठ महिने माझ्या डोक्यात होता.

दुसरा प्रश्न होता एकट्याने अर्ज करायचा की स्पॉन्सर संस्थेमार्फत. स्पॉन्सर बरीचशी कागदपत्रं सांभाळतो आणि त्या कामासाठी परताव्यातले जास्तीत जास्त १५ टक्के ठेवू शकतो. मी दोन रात्री हिशोब मांडला आणि एकटीनेच करायचं ठरवलं. आज विचाराल तर मी म्हणेन, तुमच्याकडे ऑफिसचं काम बघणारं दुसरं कुणी नसेल तर पहिली दोन वर्षं स्पॉन्सर घ्या. १५ टक्के जातात, पण झोप लागते. आणि स्वतःच्या घरात डे-केअर चालवत असाल तर हा प्रश्नच येत नाही. घरगुती डे-केअरला स्पॉन्सरमार्फतच जावं लागतं.

फेब्रुवारीत नव्या अर्जदारांचं ऑनलाइन प्रशिक्षण झालं. तीन तासांत मी वहीची अकरा पानं भरली आणि शेवटी डोकं सुन्न झालं. त्या संध्याकाळी आईला फोन केला. आई सातारा जिल्ह्यात बावीस वर्षं अंगणवाडी सेविका होती. मुलांची हजेरी, वजनाचा तक्ता, शिध्याचा साठा हे सगळं तिनं मांडीवर रजिस्टर घेऊन केलेलं. मी तिला अमेरिकेतल्या या योजनेचं सांगत होते आणि ती मधेच म्हणाली, "म्हणजे आमच्यासारखंच की. आमचं पंच्याहत्तर साली सुरू झालं." मी शोधून पाहिलं: इथलं १९६८ साली प्रायोगिक तत्त्वावर सुरू झालं आणि १९७८ मध्ये कायम झालं. मग आईनं एकच गोष्ट सांगितली. "खाणाऱ्यांची मोजणी पोरं ताटावर बसलेली असताना करायची. नंतर आठवून भरायची नाही. नंतर भरलेलं रजिस्टर लगेच ओळखू येतं."

इथल्या नियमपुस्तकातही नेमकं हेच लिहिलेलं आहे. जेवण वाढतानाच मोजायचं. सकाळची हजेरी दुपारच्या जेवणाला लावायची नाही.

मार्च आणि अर्धा एप्रिल नावाच्या घोळात गेला. सरकारी पैसा घ्यायचा तर संस्थेचा बारा अक्षर-आकड्यांचा ओळख क्रमांक, यूईआय, लागतो. तो सॅम डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळतो. माझ्या कंपनीचं कर खात्याकडचं नाव एक, डे-केअरच्या परवान्यावरचं नाव दुसरं आणि बँक खात्यावर तिसरं, कारण तिथे कंपनीचा प्रकार सांगणारं 'एलएलसी' हे शेपूट गळलं होतं. प्रत्येक कागद आपापल्या जागी बरोबर, पण तिन्ही शेजारी ठेवले की वेगवेगळ्या तीन संस्था वाटाव्यात. कर खात्याचं जुनं पत्र शोधणं, व्यवसायाच्या नावाची नोंदणी काढणं, बँकेत जाऊन नाव दुरुस्त करणं, सगळं धरून पाच आठवडे लागले. कुणी हे वाचून अर्ज करणार असेल तर पहिल्याच दिवशी हे तीन कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि स्वल्पविरामासकट जुळवून बघा. आणि त्या काळात "तुमची नोंदणी आम्ही करून देतो, पाचशे डॉलर" अशा ईमेल येतील. एकही पैसा देऊ नका.

एप्रिल-मे मध्ये व्यवस्थापनाचा आराखडा आणि अंदाजपत्रक लिहिलं. संस्था आर्थिकदृष्ट्या तग धरू शकते का, काम करायला माणसं आहेत का, पैशांवर कुणाची देखरेख आहे, या तीन गोष्टी पटवून द्याव्या लागतात. पैसे कोण खर्च करतं आणि ते दुसरं कोण तपासतं, असा एक प्रश्न होता. आमच्याकडे दोन्ही मीच. मग बिलं मी भरायची आणि महिन्याअखेर आमच्या मोठ्या वर्गाच्या शिक्षिकेनं पावत्या तपासून सही करायची, असं ठरवून लिहिलं. हा पैसा फक्त मुलांच्या जेवणावरच खर्च होईल, भाड्यावर नाही, हेही लिहून द्यावं लागतं. ते मला आवडलं.

या सगळ्यात खरी मजा आणि खरी मेहनत स्वयंपाकघरात होती.

आमच्याकडे स्वयंपाकाला काकू आहेत. नागपूरकडच्या, साठी ओलांडलेल्या, मुलांच्या लाडक्या. त्यांच्या हाताला माप आहे, पण ते कपात नाही, मुठीत आहे. योजनेतल्या दुपारच्या जेवणात पाच गोष्टी लागतात: दूध, प्रथिनांचा पदार्थ, भाजी, फळ आणि धान्य. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला पाऊण कप दूध, दीड औंस प्रथिनं, पाव कप भाजी, पाव कप फळ आणि अर्धा औंस धान्य. एक-दोन वर्षांच्या मुलांना दूध अर्धा कप, प्रथिनं एक औंस, भाजी आणि फळ अष्टमांश कप, धान्य तेवढंच.

आता यात वरण कुठं बसतं? डाळ प्रथिनं म्हणून धरतात. शिजलेली पाव कप डाळ म्हणजे एक औंस. दीड औंसासाठी तीन अष्टमांश कप, आणि तो आकडा डाळीचा, पाण्याचा नाही. काकूंचं वरण पातळ, सुरेख, तुपाची धार सोडलेलं. त्या वरणातून डाळीचं ते प्रमाण गाठायचं तर एकेका मुलाला मोठी वाटी भरून प्यायला द्यावी लागली असती. दोन आठवडे आम्ही डाळ मोजून शिजवत होतो, घोटत होतो, पुन्हा मोजत होतो. शेवटी घट्ट वरण ठरलं, जे भातावर बसतं, पसरत नाही. मुगाची खिचडीही तशीच नव्याने बसवली, डाळ जास्त आणि तांदूळ कमी. डाळ एकाच जेवणात प्रथिनं आणि भाजी अशी दोन्हीकडे मोजता येत नाही, म्हणून भाजी वेगळी हवीच. फळाच्या जागी दुसरी वेगळी भाजी दिली तरी चालते. त्यामुळे काकडीची कोशिंबीर आणि गाजर-मटार असं एकाच ताटात बसलं.

पोळीनं मात्र सगळं सोपं केलं. दिवसातून एकदा तरी अख्ख्या धान्याचा पदार्थ हवा असा नियम आहे आणि अख्ख्या गव्हाची कणीक त्यात सरळ बसते. ज्वारीची भाकरीही बसते. अर्ध्या औंसाला आठ ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे छोटीशी पोळीही पुरून उरते. भाजणीचं थालीपीठ आम्ही यादीतून काढलं, कारण भाजणीत कुठलं धान्य किती आणि डाळी किती हे प्रत्येक वेळी ग्रॅममध्ये दाखवणं काकूंना आणि मला झेपेना. साबुदाणा वडाही गेला; केंद्रात बुडवून तळायला परवानगी नाही. शिरा आणि लाडू गोड पदार्थांत जातात, धान्य म्हणून धरत नाहीत. वाढदिवसाला शिरा अजून होतो, फक्त तो दाव्यात येत नाही.

दह्यानं काकूंना खरोखर दुखावलं. घरी विरजलेलं दही मोजत नाहीत, विकतचंच लागतं. काकू म्हणाल्या, "माझ्या दह्यात काय वाईट आहे?" वाईट काहीच नव्हतं. नियम सुरक्षिततेचा आहे आणि तो सगळ्यांना सारखा आहे, एवढंच मी सांगू शकले. त्या दिवसभर बोलल्या नाहीत.

आणि दूध. दुपारच्या जेवणाबरोबर दूध द्यायचंच. वरण-भात आणि दूध! काकूंचं म्हणणं, लिंबू पिळलेल्या वरणावर दूध प्यायलं की पोटात फाटणार. तीन आयांनीही तेच विचारलं. मी त्यांच्या मताला नावं ठेवली नाहीत, मीही त्याच घरात वाढले आहे. आम्ही लिंबू बंद केलं, दुधाचा पेला जेवणाच्या सुरुवातीपासून टेबलावर ठेवला आणि मुलांना हवं तेव्हा पिऊ दिलं. दूध साधंच हवं. त्या वर्षीच्या नियमाप्रमाणे एक वर्षाच्या मुलांना पूर्ण मलईचं आणि दोन पूर्ण झालेल्यांना एक टक्का किंवा बिनमलईचं द्यायचं होतं. आम्ही दोन रंगांचे जग आणले, लाल लहानांचा, निळा मोठ्यांचा. ज्या मुलाला गाईचं दूध चालत नाही त्याच्या आई-वडिलांनी लिहून दिलं तर तितकंच पोषण असलेलं सोयाचं दूध देता येतं. बदामाचं दूध त्या मापात बसत नाही, त्याला डॉक्टरांचा कागद लागतो.

९ जुलैला अर्ज ऑनलाइन पाठवला. २६ जुलैला अकरा दुरुस्त्यांसह परत आला. दहा किरकोळ होत्या: तारखा, एक राहिलेली सही, जेवणाच्या वेळा. अकरावी म्हणजे २५ टक्क्यांचा पुरावा. सरकारी सबसिडीवर येणारी मुलं आपोआप धरली जातील असं मी गृहीत धरलं होतं. तसं नव्हतं, त्यांच्याही घरून उत्पन्नाचा अर्ज हवा होता.

हा ऑगस्ट मला सगळ्यात जड गेला. कागदांशी भांडता येतं, पण ज्या आईला रोज सकाळी हसून "या" म्हणतो, तिला "तुमचं उत्पन्न किती" असं कसं विचारायचं? पहिल्या आठवड्यात मी सगळ्यांच्या बॅगांत अर्ज घातले आणि वाट पाहिली. ३८ पैकी चौदा परत आले. त्यांतले सात पात्र.

सात. दहा हवे होते.

मग मी ठरवलं की कागद बॅगेत टाकून उपयोग नाही, बोलायला हवं. संध्याकाळी घ्यायला येणाऱ्या एकेका घराशी, ऑफिसचं दार लावून, सगळ्यांना तेच शब्द सांगितले: हा अर्ज सगळ्यांना दिला आहे, भरायची सक्ती नाही, न भरल्यास तुमच्या मुलाच्या ताटात काहीही बदलणार नाही, फक्त आम्हाला त्या ताटामागे कमी परतावा मिळेल. वर्गातल्या शिक्षिकांना कुणाचं मूल कोणत्या गटात आहे हे कळत नाही. ती यादी माझ्या कुलपात असते. हे नियमातही आहे, आणि नसतं तरी मी तसंच केलं असतं.

एका मुलीचे बाबा गोदामात रात्रपाळी करतात. त्यांनी अर्ज चार घड्या घालून परत दिला होता, कोरा. त्यांनी हळूच विचारलं, "दीदी, याने आमच्या ग्रीन कार्डला काही होईल का?" मला याची कल्पना होती, म्हणून मी आधीच माहिती काढून ठेवली होती. अर्जात स्थलांतराच्या स्थितीबद्दल एकही प्रश्न नाही. सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे फक्त शेवटचे चार आकडे लागतात, तेही सही करणाऱ्या मोठ्या माणसाचे, आणि क्रमांक नसेल तर 'नाही' या चौकटीत खूण करायची. ग्रीन कार्ड देताना माणूस सरकारी मदतीवर अवलंबून राहील का हे बघतात, त्याला 'पब्लिक चार्ज' म्हणतात; मुलांच्या जेवणाची ही मदत तेव्हा लागू असलेल्या २०२२ च्या नियमाप्रमाणे त्यात मोजत नव्हते. मी त्यांना तो कागद दाखवला आणि म्हटलं, तरीही तुमच्या वकिलाला विचारा, घाई नाही. चार दिवसांनी अर्ज आला. भरलेला, त्याच घड्या पडलेला. आठ.

नववा अर्ज एका आईचा. तिला स्नॅप (कमी उत्पन्नाच्या घरांसाठीची सरकारी अन्नमदत) मिळतं हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं, सांगायचं कारणही नव्हतं. स्नॅपचा केस क्रमांक लिहिला की उत्पन्नाचा रकाना भरावाच लागत नाही. मी हे सगळ्यांना सांगताना तिनं ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी पाकीट बंद करून दिलं.

त्यानंतर परत आलेले अर्ज मी पुन्हा काढून बसले, आणि तिथे मला माझीच चूक दिसली. एका घरानं उत्पन्न ६८,००० डॉलर लिहिलं होतं आणि कुटुंबात चार माणसं. चौघांच्या घराला सवलतीची मर्यादा त्या वर्षी ५७,७२० डॉलर होती, म्हणून मी तो अर्ज बाजूला ठेवला होता. पण मुलाला रोज घ्यायला येतात ते आजोबा, आणि आजीही तिथेच राहतात, कायमच्या, एकाच चुलीवर. मी त्या आईला विचारलं, "आजी-आजोबांना धरलंत का?" ती म्हणाली, "धरायचं असतं?" एका घरात राहून खर्च एकत्र चालवणारे सगळे धरायचे असतात. कागदावर चौघं म्हणजे आई-बाबा आणि मुलं, असं ती समजली होती. दोघांचंही स्वतःचं उत्पन्न नव्हतं. सहाजणांच्या घराला मर्यादा ७७,६२६. तो अर्ज नव्याने भरला आणि दहा झाले. सुट्टीपुरते आलेले आजी-आजोबा मात्र धरता येत नाहीत, ते स्पष्ट विचारून घ्या. आपल्या लोकांत एकत्र राहणारी घरं पुष्कळ आहेत, म्हणून हे मुद्दाम सविस्तर लिहिते आहे.

पुढच्या दोन आठवड्यांत असेच आणखी दोन अर्ज आले आणि बारावर थांबलो: आठ मोफत गटात, चार सवलतीच्या. मोफत गटाची मर्यादा दारिद्र्यरेषेच्या १३० टक्के, सवलतीची १८५ टक्के. बाकीची २६ मुलं 'पेड' गटात, पण त्यांच्याही ताटामागे थोडा परतावा मिळतोच. अर्ज तपासताना एक लक्षात ठेवा: पगार आठवड्याचा, पंधरवड्याचा, महिन्याचा असा मिसळलेला असेल तर सगळ्याचं वर्षाचं करा. आठवड्याला ५२ ने गुणायचं, दर दोन आठवड्यांनी मिळणाऱ्याला २६ ने, महिन्यातून दोनदा मिळणाऱ्याला २४ ने. दोन आठवड्यांनी आणि महिन्यातून दोनदा हे सारखं वाटतं, पण नाही. मी एक अर्ज यातच चुकवला होता.

३० ऑगस्टला दुरुस्त केलेला अर्ज गेला. अर्ज पूर्ण आणि बिनचूक असेल तर तीस दिवसांत उत्तर द्यायचं असा नियम आहे. १७ सप्टेंबरला मंजुरीपूर्वीची भेट झाली. आदल्या रात्री मला झोप नव्हती. सकाळी काकू नेहमीपेक्षा एक तास लवकर आल्या होत्या आणि त्यांनी फ्रिज पुसून काढला होता. आलेल्या बाई शांत होत्या. त्यांनी परवाना पाहिला, फ्रिजमधल्या थर्मामीटरची नोंद पाहिली, 'अँड जस्टिस फॉर ऑल' हे पोस्टर पालकांना दिसेल असं लावलंय का ते पाहिलं. ते ११ बाय १७ इंचांचंच लागतं. मी आधी साध्या कागदावर छापलं होतं आणि आदल्या आठवड्यात बदललं. मग त्या मुलांबरोबर छोट्या खुर्चीवर बसल्या आणि आमच्या शिक्षिकेला मोजणी करताना पाहत राहिल्या. काकूंनी मापाच्या पळीनं खिचडी वाढली. बाईंनी विचारलं, "या पळीत किती मावतं?" काकूंना इंग्रजी फार येत नाही, पण त्यांनी तीन बोटं, मग आठ बोटं दाखवली आणि पळीच्या दांड्यावर चिकटवलेली पट्टी पुढे केली.

२५ सप्टेंबरला मंजुरीचं पत्र आलं. लागू दिनांक १ ऑक्टोबर.

पहिला महिना म्हणजे सवय लावून घेण्याचा महिना. २२ दिवस डे-केअर सुरू होतं. रोज मेनू, वाढलेल्या ताटांची मोजणी, हजेरी, आणि पावत्या एका पाकिटात. महिन्याअखेर मी दुधाचा ताळा घेतला, कारण प्रशिक्षणात सांगितलं होतं की तपासणीत पहिल्यांदा दूधच बघतात. जेवणाला सरासरी ३२ मुलं, नाश्त्याला २४. लहान-मोठ्यांच्या मापानं रोज ३०० औंस, म्हणजे २.३४ गॅलन. २२ दिवसांचे साधारण ५२ गॅलन. माझ्याकडे पावत्या ४९ गॅलनच्या होत्या.

तीन गॅलन घरच्या सामानाबरोबर घेतले गेले होते, ती पावती कधीच कचऱ्यात गेली होती. दूध मुलांनी प्यायलं होतं, पण कागद नव्हता. मी तीन दिवसांचे नाश्ते दाव्यातून काढले. एका नाश्त्याला बरोबर एक गॅलन दूध लागतं, म्हणून तीन. त्या रात्री खूप हळहळ वाटली. पण कागदपत्रं त्या वर्षानंतरही तीन वर्षं जपून ठेवायची असतात आणि त्या पाकिटात मला एकही खोटी ओळ नको होती. तेव्हापासून डे-केअरच्या सामानाचं कार्ड वेगळं आहे आणि पावती दारातच फोटो काढून ठेवली जाते.

आता आकडे, कारण मला कुणी आधी सांगितले नव्हते. जुलै २०२४ ते जून २०२५ चे केंद्रांसाठीचे दर असे होते: दुपारचं जेवण मोफत गटात ४.४३ डॉलर, सवलतीच्या गटात ४.०३, पेड गटात ०.४२. नाश्ता २.३७, २.०७ आणि ०.३९. खाऊ १.२१, ०.६० आणि ०.११. शिवाय प्रत्येक दुपारच्या जेवणामागे सरकारी धान्यसाहित्याऐवजी रोख ३० सेंट. आमची ऑक्टोबरमधली जेवणं ७०६, नाश्ते ४५३, खाऊ ६७८. सगळं मिळून २,२३६ डॉलर ९६ सेंट. त्या महिन्याचा किराणा २,६४० झाला होता, काकूंचा पगार वेगळा. म्हणजे सगळा खर्च निघत नाही, पण बराचसा निघतो. अर्जाला फी नसते. थर्मामीटर, मापं, जग, फाइलींचं कपाट यांना मला ३१२ डॉलर लागले. वेळ मी पहिल्यापासून लिहून ठेवला नाही, पण शंभर तासांच्या आसपास नक्की गेला असेल.

दावा महिना संपल्यापासून ६० दिवसांच्या आत जायला हवा. मी १२ नोव्हेंबरला पाठवला. त्याआधी दर महिन्याला जी एक गोष्ट बघायची ती म्हणजे २५ टक्के. नफ्यावर चालणाऱ्या केंद्राला ते एकदाच सिद्ध करून भागत नाही. ज्या महिन्यात टक्का खाली जाईल त्या महिन्याचा दावा करता येत नाही. आमचे ऑक्टोबरमध्ये ३८ पैकी १२, म्हणजे ३१ टक्क्यांच्या थोडं वर. डिसेंबरमध्ये एक घर टेक्सासला गेलं आणि ३७ पैकी ११ उरले. ते आईबाबा निरोप घ्यायला आले तेव्हा मला मुलाचंच वाईट वाटत होतं, टक्क्याचा विचार रात्री आला.

१३ डिसेंबरला, शुक्रवारी, पैसे खात्यात आले. मी ऑफिसमध्ये एकटीच होते. बाहेर मुलं झोपली होती. काकूंना बोलावून मी फोनवरचा आकडा दाखवला. त्यांनी चष्मा लावून पाहिला आणि सोमवारच्या सामानाची यादी मागितली. खाऊच्या रकान्यात त्यांनी पाचही दिवस फळ लिहिलं: केळं, संत्रं, नासपती, सफरचंद, पुन्हा केळं. मग विचारलं, "पावती वेगळी घ्यायची ना?"